कॉकपिटमध्ये वाद घालावा कसा

कमठाण्याच्या शिवारात विमानाचा आवाज आला म्हणून खुरपणारा हात आता थांबत नाही. बीदरचा वायुदलाचा तळ जवळच आहे. तिथे हॉक विमानांवर भावी लढाऊ वैमानिक घडतात, हवाई कसरती करणाऱ्या सूर्यकिरण पथकाचं घरही तेच. त्यामुळे डोक्यावरचा गडगडाट सवयीचा झालाय. प्रवासी विमानं मात्र या भागात उशिरा आली. कलबुर्गीचा विमानतळ नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाला आणि तिथून पहिली नियमित सेवा दिली ती कोल्हापूरकडच्या घोडावत समूहाच्या स्टार एअरने. बीदरहून बेंगळुरूला विमान जायला फेब्रुवारी २०२० उजाडला, आणि ती सेवाही पुढे कधी बंद तर कधी चालू अशी राहिली. तेवढ्यानेही फरक पडला. भालकी, औराद, बसवकल्याण, पलीकडे उदगीर-देगलूर, या पट्ट्यातल्या घरांत "पोरीला पायलट करायचंय" हे वाक्य आता हसण्यावारी जात नाही.

चौकशा होतात त्या फीच्या, कर्जाच्या, डोळ्यांच्या नंबराच्या आणि परवान्यासाठी लागणाऱ्या २०० तासांच्या उड्डाणाच्या. शेजारच्या सीटवरच्या माणसाशी पटलं नाही तर काय करायचं, हे कोणी विचारत नाही. विमान कंपन्यांत जोड्या रोज बदलतात. दोन वैमानिक अनेकदा पहिल्यांदा भेटतात तेच ड्यूटीवर हजर होताना, आणि तासाभरात एका कुलूपबंद दाराआड शेजारी शेजारी बसतात. एक वीस वर्षं उडवणारा, दुसरा कालपरवा सिम्युलेटरमधून बाहेर पडलेला. एक वायुदलातून आलेला, दुसऱ्याच्या डोक्यावर बँकेचा हप्ता. आठ तास तिथून उठून जायची सोय नाही.

हा लेख अशा मुलामुलींसाठी आहे, आणि जे आधीच उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या, सीटवर बसलेत त्यांच्यासाठी. डाव्या सीटवरच्या कॅप्टनांनी वाचला तर अधिक बरं, कारण निम्म्याहून जास्त काम त्यांचं आहे.

दिसलेलं भांडण, न दिसलेलं भांडण

१ जानेवारी २०१८ रोजी लंडनहून मुंबईला येणाऱ्या जेट एअरवेजच्या बोइंग ७७७ मध्ये ३२४ प्रवासी आणि १४ कर्मचारी होते. वाटेत कॅप्टन आणि महिला सहवैमानिक यांच्यात वाजलं. कॅप्टनने तिला थप्पड मारल्याच्या बातम्या आल्या. ती रडत गॅलीत आली, केबिन कर्मचाऱ्यांनी समजूत घालून तिला परत पाठवलं, आत पुन्हा वाद झाला, आणि या सगळ्यात एक वेळ अशी आली की दोघंही कॉकपिटच्या बाहेर होते. विमान मुंबईत सुखरूप उतरलं. कंपनीने दोघांनाही कामावरून काढलं, विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएने परवान्यांवर कारवाई केली. पुढे जून २०२२ मध्ये एअर फ्रान्सच्या जिनिव्हा-पॅरिस विमानात दोन वैमानिकांत हातापायी झाली आणि एका केबिन कर्मचाऱ्याला उरलेला प्रवास कॉकपिटमध्येच बसून काढावा लागला.

अशा बातम्या लोक चवीने वाचतात. पण या दोन्ही विमानांतले प्रवासी घरी पोचले. जी विमानं पोचली नाहीत, त्यांच्या कॉकपिटमध्ये बहुतेक वेळा आवाज चढलेलाच नव्हता.

२२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं ८१२ क्रमांकाचं विमान मंगळुरूच्या पठारावरच्या धावपट्टीवरून पुढे दरीत गेलं. १६६ पैकी १५८ जण गेले, ८ वाचले. चौकशी झाली ती निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली. विमान फार उंचावरून, फार वेगात खाली येत होतं. कॅप्टन प्रवासातला बराच काळ झोपलेले होते. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात घोरण्याचा आवाज होता. सहवैमानिकाने तीनदा गो-अराउंडची सूचना दिली, म्हणजे उतरू नका, परत वर चला. विमानातली यंत्रणाही इशारे देत होती. कॅप्टन उतरत राहिले. सहवैमानिकाने सांगितलं, पण कंट्रोल हातात घेतला नाही.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० रोजी, त्याच कंपनीचं दुबईहून आलेलं विमान कोळीकोडला पावसात घसरलं. १९० पैकी २१ जण गेले, त्यांत दोन्ही वैमानिक होते. कॅप्टन होते नागपूरचे दीपक वसंत साठे, वायुदलाच्या अकादमीत सन्मानाची तलवार मिळवलेले. त्यांच्या अनुभवाबद्दल किंवा कौशल्याबद्दल कोणी शंका घेऊ शकत नाही, आणि मला इथे तेच महत्त्वाचं वाटतं. विमान ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर जवळजवळ निम्मं अंतर संपल्यावर टेकलं. मागून वारा होता, कॅप्टनच्या बाजूचा वायपर नीट चालत नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनाच कोळीकोडहून दुसरं विमान न्यायचं होतं. चौकशी अहवालानुसार सहवैमानिक अखिलेश कुमार यांनी आधी "जस्ट चेक इट" म्हटलं, मग "कॅप्टन" अशी हाक दिली, मग "गो अराउंड" म्हटलं. अहवालाने संभाव्य कारण म्हणून दोन गोष्टी एकत्र मांडल्या: कॅप्टनने अस्थिर अप्रोच (वेग, उंची न जुळता उतरणं) चालू ठेवला, आणि सहवैमानिकाने कंट्रोल हाती घेऊन गो-अराउंड केला नाही. कॅप्टन आणि सहवैमानिक यांच्यातल्या अधिकाराच्या तीव्र उताराचाही, म्हणजे वरिष्ठापुढे कनिष्ठाने दबून जाण्याचा, उल्लेख अहवालात आहे.

"जस्ट चेक इट" या तीन शब्दांत काय तपासायचं ते नाही. वेग, उंची की धावपट्टी? ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीच दहा गोष्टी असतील तर हे वाक्य कानावरून निघून जातं. "कॅप्टन" ही तर नुसती हाक. आपण कॉलेजात, ऑफिसात, घरात रोज असंच बोलतो, आणि समोरच्याने आपल्या मनातलं ओळखावं अशी अपेक्षा ठेवतो. जमिनीवर ते खपून जातं.

जगातही हाच पाढा आहे. २८ डिसेंबर १९७८ रोजी अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेडचं १७३ क्रमांकाचं विमान चाकांच्या बिघाडाची शहानिशा करत घिरट्या घालत राहिलं आणि इंधन संपून पडलं. दहा जण गेले. इंधन कमी होतंय हे आतल्या बाकीच्यांना दिसत होतं आणि ते बोलतही होते, पण कॅप्टनच्या निर्णयावर परिणाम होईल इतक्या जोरात नाही. या अपघातानंतर नासाने १९७९ मध्ये बैठक भरवली, १९८१ मध्ये युनायटेडने वैमानिकांना एकमेकांशी कसं वागायचं याचं शिक्षण सुरू केलं, आणि त्यातूनच आज सगळीकडे सक्तीचं असलेलं सीआरएम (क्रू रिसोर्स मॅनेजमेंट) प्रशिक्षण उभं राहिलं. १९७८ च्याच पहिल्या दिवशी आपल्याकडे एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे जम्बो विमान मुंबईहून उडून वांद्र्याच्या समुद्रात कोसळलं होतं आणि २१३ जण गेले होते. कॅप्टनसमोरचं कल दाखवणारं उपकरण चुकीचं दाखवत होतं. त्यावर विसंबू नका, हे फ्लाइट इंजिनिअरने सांगितलं तेव्हा हातात काही सेकंदच उरले होते.

मोठ्यांच्या तोंडाला लागणं

आपल्या भागात मूल बोलायला लागलं की दुसऱ्याच महिन्यात त्याला शिकवतात, मोठ्यांना उलट बोलू नये. कमठाण्यात मराठी घर असो, कन्नड असो की दख्खनी बोलणारं, ही शिकवण सारखीच. अण्णा बोलत असताना मध्ये बोलायचं नाही. मालक चुकले तरी चारचौघांत सांगायचं नाही. नंतर, चहाच्या वेळी, आडून सुचवायचं. या शिकवणीने घरं टिकली हे मी नाकारत नाही. पण ती घेऊनच मुलगा उजव्या सीटवर बसतो, आणि तिथे "नंतर" ही वेळच नसते.

बीदरकरांना याचं जुनं उदाहरण शोधायला गावाबाहेर जावं लागत नाही. १४८१ मध्ये बहमनी सुलतान तिसरा मुहम्मदशहा याने एका बनावट पत्रावरून आपल्याच वजिराला, महमूद गवानला, ठार मारायचा हुकूम दिला. शिक्का माझा आहे, मजकूर माझा नाही, असं गवानने सांगितल्याची नोंद इतिहासात आहे. पत्र खरं की खोटं हे तपासायला कोणी थांबलं नाही. सुलतानाला पुढे पस्तावा झाला, वर्षभरात तोही गेला, आणि राज्याचे तुकडे व्हायला वेळ लागला नाही. गवानचा मदरसा बीदरमध्ये अजून उभा आहे. हुकूम आणि अंमल यांच्या मध्ये उभं राहून तपासणारा माणूस त्या दरबारात नव्हता. कॉकपिटमध्ये तो मुद्दाम बसवलेला असतो आणि त्याला पगार त्याच कामाचा मिळतो.

विमान उडवणारा तो पायलट फ्लाइंग, आणि दुसरा पायलट मॉनिटरिंग. ही कामं आलटून पालटून होतात, कॅप्टनही मॉनिटरिंग करतो. मॉनिटरिंगचा अर्थ शेजारी बसून रेडिओवर बोलणं एवढाच धरला की घात झाला. उडवणाऱ्याकडून जे सुटेल ते पकडणं आणि ते मोठ्याने सांगणं हे त्याचं काम. न सांगणं म्हणजे कामात कसूर. तेव्हा "मी सरांना उलट कसं बोलू" असा प्रश्न पडला तर तो बदलून घ्या: मी माझं काम सोडून गप्प कसा बसू?

एक इशारा उलट बाजूनेही. अधिकाराचा उतार फार तीव्र असणं जसं धोक्याचं, तसा उतारच नसणंही. दोन जुने मित्र, दोघंही कॅप्टन, एकत्र उडतात तेव्हा बघेल तो, असं दोघांनाही वाटतं. गप्पा रंगतात आणि शेवटचा शब्द कोणाचा हे ठरतच नाही. आंतरराष्ट्रीय नियमानुसार अंतिम अधिकार पायलट-इन-कमांडचा, म्हणजे कॅप्टनचा, असतो, आणि तो असायलाच हवा. सहवैमानिकाने निर्णय घेऊ नये, निर्णयासाठी लागणारी माहिती कॅप्टनला वेळेत आणि स्पष्ट मिळेल हे बघावं. फक्त एका ठिकाणी हे उलटतं. त्याकडे पुढे येतो.

इंजिन सुरू होण्याआधी

बहुतेक भांडणांची बी जमिनीवरच पेरली जाते. कोणी उशिरा येतं, कोणी नाव न विचारताच कागद पुढे सरकवतं, कोणी पहिल्याच वाक्यात "किती तास झाले तुझे?" असं विचारतं. म्हणून ब्रीफिंगची पहिली दोन मिनिटं महत्त्वाची. कॅप्टन असाल तर हवामान आणि इंधनाआधी एक वाक्य बोला: "माझ्याकडून काही सुटलं तर लगेच सांगा, मी विचारायची वाट बघू नका." हे वाक्य रोज, प्रत्येक नव्या जोडीदाराला सांगायचं. आणि पहिल्यांदा कोणी खरंच चूक दाखवली की तोंड वाकडं न करता "बरं झालं सांगितलं" म्हणायचं. त्या क्षणी तुमचा चेहरा कसा होतो, यावर उरलेल्या प्रवासात समोरचा बोलेल की नाही हे ठरतं. दिवसाची तिसरी चूक त्याच्या लक्षात येईल तेव्हा त्याला पहिल्या वेळचा चेहरा आठवेल.

सहवैमानिक असाल तर स्वतःची स्थिती आधी सांगा. रात्री झोप झाली नाही, या विमानतळावर मी पहिल्यांदाच चाललोय, जोराच्या आडव्या वाऱ्यात मी फारसा उतरलेलो नाही, हे सांगण्यात कमीपणा नाही. कॅप्टनला हे माहीत असेल तर तो कामं नीट वाटून देतो. माहीत नसेल तर तुमच्या संथपणाला तो आळस समजतो, आणि तिथून खटके सुरू होतात.

दोघंही मराठी निघालात तर आनंद आहे, लातूर की बीदर, कोणत्या गावचे, हे जरूर विचारा. पण इंजिन सुरू झाल्यावर ठरलेले शब्द ठरलेल्या भाषेतच. कॉलआउट, म्हणजे मोठ्याने द्यायच्या ठरलेल्या सूचना, इंग्रजीतच द्या. ते शब्द दोघांनीही सिम्युलेटरमध्ये शेकडो वेळा ऐकलेले असतात, म्हणून घाईत त्यांचा अर्थ लावावा लागत नाही. "सर, जरा वेग बघता का" यातला "जरा" आणि "का" घालवायला "स्पीड" हा एक शब्द पुरतो. आदर "सर" म्हणण्यात ठेवा, हवं तर दिवसभर ठेवा, कॉलआउटमध्ये नको.

पायरी कोणती धरायची

सीआरएमच्या वर्गात बोलण्याच्या पायऱ्या शिकवतात. पहिली विचारण्याची: "या ढगाला वळसा घालायचा विचार आहे का?" दुसरी माहिती देण्याची: "ढग बारा मैलांवर आहे, आपण सरळ त्यातच चाललोय." तिसरी काळजी आणि उपाय एकत्र सांगण्याची: "कॅप्टन, मला हे बरोबर वाटत नाही. डावीकडे वीस अंश वळू या." चौथी आणीबाणीची: "कॅप्टन, आत्ता वळायलाच हवं." त्याच्या वरची पायरी कंट्रोल घेण्याची.

हे बरोबर आहे, पण वर्गात एक गोष्ट पुरेशी ठसत नाही असं मला वाटतं. पायऱ्या खालून वर चढायला वेळ लागतो. पस्तीस हजार फुटांवर तो असतो. हजार फुटांवरून जमिनीला टेकायला साधारण दीड मिनिट लागतं. तिथे विनम्र प्रश्नापासून सुरुवात केली तर चौथ्या पायरीवर पोचेपर्यंत चाकं टेकलेली असतात. म्हणून नियम असा धरा: जितकी जमीन जवळ, तितकी वरची पायरी पहिली. हजार फुटांच्या खाली प्रश्न विचारायचे नाहीत. काय चुकलंय ते आणि काय करायचं ते, दोनच गोष्टी.

यासाठीच स्थिर अप्रोचचे आकडे आधी ठरलेले असतात. ढगाळ हवेत हजार फुटांवर, स्वच्छ हवेत निदान पाचशे फुटांवर विमान ठरलेल्या वेगात, उतरण्यासाठी पूर्ण सज्ज आणि मिनिटाला हजार फुटांपेक्षा कमी दराने खाली येत असलं पाहिजे. बऱ्याच कंपन्या हजार फुटांची अट सगळ्या हवेत लावतात. आकडा जुळला नाही तर "अनस्टेबल, गो अराउंड". इथे मतभेदाला जागाच ठेवलेली नाही, आणि ही फार मोठी सोय आहे. तुम्ही कॅप्टनच्या कौशल्यावर शंका घेत नसता, आकडा वाचत असता. कॅप्टनने त्या क्षणी वाद घालायचा नाही. वर जायचं, आणि बरोबर कोण होतं ते वर गेल्यावर ठरवायचं. बहुधा तोवर ठरवायची इच्छाही उरत नाही. गो-अराउंडमध्ये इंधन जातं, दहा-पंधरा मिनिटं जातात, प्रवासी कुरकुरतात. त्यासाठी वैमानिकाला शिक्षा होऊ नये असं धोरण असतं. ते आपल्या कंपनीच्या नियमावलीत कोणत्या पानावर आहे हे नोकरी लागल्याच्या पहिल्या आठवड्यात शोधून ठेवा.

आता ते उलटं होणारं ठिकाण. दोनदा स्पष्ट सांगूनही कॅप्टनकडून उत्तर नाही, कृतीही नाही, तर माणूस भानावर नाही असं धरायचं, मग डोळे उघडे असले तरी. तणावात माणसाचे कान खरंच बंद होतात. एका गोष्टीवर नजर खिळली की बाकीचं ऐकू येत नाही. अशा वेळी "आय हॅव कंट्रोल" असं मोठ्याने म्हणून कंट्रोल घ्यायचा. न बोलता हात घालायचा नाही, कारण दोघं एकाच वेळी दोन दिशांना ओढू लागले तर आधीच्या चुकीपेक्षा ते वाईट. आणि हे सगळं चाकं टेकण्याआधी. मंगळुरूला कॅप्टनने इंजिनाचा जोर उलटा फिरवून वेग कमी करणारे रिव्हर्सर उघडल्यानंतर पुन्हा उडायचा प्रयत्न केला. रिव्हर्सर उघडल्यावर गो-अराउंड नाही, तिथून पुढे फक्त ब्रेक. कंट्रोल घेण्याचा सराव सिम्युलेटरमध्ये मागून घ्या. प्रशिक्षकाला सांगा, आज कॅप्टनला ऐकू येत नाही असं करू या. पहिल्यांदा हात अडखळतो. तो सिम्युलेटरमध्येच अडखळलेला बरा.

राग आलाच तर

राग येणारच. रात्रीची तिसरी फेरी, उशीर, कोणीतरी खोचक बोललं. त्या क्षणी स्वतःला एक प्रश्न विचारा: हा वाद विमानाबद्दल आहे की माझ्याबद्दल? विमानाबद्दल असेल तर आत्ताच आणि स्पष्ट बोला. माझ्याबद्दल असेल, म्हणजे त्याचा सूर, त्याचं हसणं, त्याचं "आजकालची पोरं", तर "हे आपण इंजिन बंद झाल्यावर बोलू" असं एकदाच म्हणा आणि पुढच्या चेकलिस्टला हात घाला. दहा हजार फुटांच्या खाली तर उड्डाणाशिवाय दुसरा विषयच नको, गोड गप्पांचाही नको. हा नियम अमेरिकेत १९८१ मध्ये आला आणि जगभर पाळला जातो.

खरा धोका त्यानंतरच्या अर्ध्या तासात असतो. आपल्या घरांत भांडणानंतर अबोला धरतात. भाजी वाढली जाते, शब्द निघत नाही. कॉकपिटमधला अबोला असाच असतो. कॉलआउट पुटपुटल्यासारखे येतात, चेकलिस्टची उत्तरं तुटक येतात, आणि चूक दिसली तरी "बघू दे की त्यालाच" असं मनात येतं. दोघांपैकी ज्याला हे आधी जाणवेल त्याने कोंडी फोडायची, चूक कोणाचीही असो. यासाठी माफी मागावी लागत नाही. कामाचं एखादं वाक्य पुरतं: "उतरण्याचं ब्रीफिंग एकदा पुन्हा करू या, मी काही विसरलो असेन तर सांगा." कॅप्टनने हे केलं तर दोन मिनिटांत हवा निवळते. ऑटोपायलट चालू ठेवा, कामाचा भार कमी करा, चेकलिस्ट नेहमीपेक्षा मोठ्याने वाचा. राग आलेल्या माणसाचा हात नेहमीपेक्षा वेगात चालतो, तेव्हा प्रत्येक बटण दाबण्याआधी नाव घ्या आणि जोडीदाराच्या होकाराची वाट बघा.

सीट सोडून रागाने बाहेर जाणं हा पर्याय नाही. मनावर ताबा राहत नसेल तर इंटरकॉमवरून केबिन इनचार्जला आत बोलवा. तिसरा माणूस आला की आवाज आपोआप खाली येतो. लांबच्या प्रवासात जादा वैमानिक असतील तर त्यांना उठवा, झोपेचं वाईट वाटून घेऊ नका. हात उचलला गेला, तर तो वाद राहिला नाही. केबिन इनचार्जला लगेच सांगायचं, मदतीला कोण आहे ते बघायचं, गरज पडली तर जवळच्या विमानतळावर उतरायचं आणि उतरताच कंपनीला कळवायचं. अंतिम अधिकार कॅप्टनचा असला तरी मारण्याचा अधिकार त्यात बसत नाही.

काही खटके कॉकपिटमधल्या बाईला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांतून सुरू होतात. भारतात महिला वैमानिकांचं प्रमाण जगाच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी निवेदिता भसीन यांच्यासह कोलकाता-सिलचर मार्गावर फोकर फ्रेंडशिप नेलं, तेव्हा कॉकपिट पूर्णपणे महिलांच्या हाती असलेलं ते आपल्याकडचं पहिलं उड्डाण म्हणून गाजलं. आज त्यात बातमीसारखं काही उरलेलं नाही. तरीही "लग्न झालं का", "घरचे सोडतात का" हे प्रश्न टेकऑफच्या रांगेत विचारले जातात. विचारणाऱ्याला ती आपुलकी वाटते. उत्तर देणारीचं लक्ष त्या वेळी उपकरणांवर असायला हवं असतं. विषय कामाकडे वळवा: "आधी बिफोर टेकऑफ चेकलिस्ट संपवू." बोलणं किंवा स्पर्श मर्यादा ओलांडत असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा विमानालाही लागू आहे, आणि तक्रार घेणारी अंतर्गत समिती कंपनीत असणं बंधनकारक आहे.

उतरल्यावर

इंजिन बंद झालं, प्रवासी उतरले, की पाच मिनिटं तिथेच बसा. बीदरच्या तळावर शिकणाऱ्या मुलांचं उड्डाण विमानातून उतरल्यावर संपत नाही. प्रशिक्षकासमोर बसून काय चुकलं ते तपासल्यावर संपतं. प्रवासी वैमानिकांनी ही सवय उचलावी. सुरुवात वरिष्ठाने करायची, आणि स्वतःच्या चुकीपासून. "आज माझा वेग दोनदा वाढला, तू दुसऱ्यांदा सांगितलंस, पहिल्यांदा का नाही?" या प्रश्नात टोमणा नसेल तर उत्तर खरं मिळतं. हॉटेलच्या गाडीत, ड्रायव्हरसमोर किंवा केबिनच्या मुलामुलींसमोर हा विषय काढू नका. वैमानिकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच नको.

तिथे मिटलं नाही आणि गोष्ट सुरक्षिततेची असेल तर सेफ्टी विभागाला कळवा. लिहिताना विशेषणं गाळा. "कॅप्टन उर्मट आहेत" या वाक्यावर कोणी काही करू शकत नाही. "आठशे फुटांवर वेग ठरलेल्यापेक्षा वीस नॉट जास्त होता, मी गो-अराउंड म्हटलं, अप्रोच चालू राहिला" यावर करता येतं, कारण विमानातली नोंद काढून ते पडताळता येतं. शक्य असेल तर त्या माणसाला आधी सांगा की मी हे कळवतोय. अवघड असतं, पण पाठीमागून गेल्याची सल उरत नाही.

घरच्यांसाठी दोन शब्द. मुलगा किंवा मुलगी फोनवर म्हणाली, "आजच्या कॅप्टनशी जमलं नाही," तर "साहेबांना नाराज करू नकोस, अजून हप्ते फिटायचेत" असं म्हणू नका. काळजी खरी आहे. कर्ज मोठं असतं, आणि कॅप्टन होण्याच्या वाटेवर वरिष्ठांचं मत लागतं हेही खरं आहे. पण तो सल्ला घेऊन ती दुसऱ्या दिवशी पहाटे उजव्या सीटवर बसते, आणि मागे दीडशे माणसं असतात. काय झालं ते विचारा, पूर्ण ऐकून घ्या, आणि झोपायला लावा. दमलेला वैमानिक बोलत नाही, हे चौकशी अहवाल न वाचताही कळतं.

आणि काही जोड्या जमतच नाहीत. त्यात कोणाचा दोष असतोच असं नाही. काही कंपन्यांत रोस्टर विभागाला अशी विनंती करता येते की अमुक एका वैमानिकाबरोबर मला काही काळ लावू नका. ही विनंती लेखी करा, कारण एका ओळीत द्या, आणि तीच गोष्ट तीन-चार जोडीदारांबाबत होऊ लागली तर सेफ्टी विभागाच्या किंवा सहकारी वैमानिकांच्या मदत गटातल्या कोणाशी तरी स्वतःबद्दल बोलायची वेळ घ्या.